तापवलेली जागा

निफाडचा पारा उतरला की नाशिककरांना उगाचच अभिमान वाटतो. पेपरात पहिल्या पानावर चौकट येते, द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो येतो, आणि ज्यांनी जन्मात निफाडला एक रात्र काढलेली नाही तेसुद्धा दूधवाल्याला सांगतात, "काल काय थंडी होती निफाडला." मीही त्यातलीच. अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या नवऱ्याचा डबा सहालाच भरून दिला. मुलाला शाळेच्या रिक्षात बसवलं. आता हातात चहा आहे, पायात मोजे आहेत, खिडक्या फट न ठेवता लावल्या आहेत, आणि मी निफाडच्या थंडीबद्दल वाचते आहे.

वाचते आहे म्हणायला. कान आतल्या खोलीकडे आहेत. आत आत्या झोपली आहे. साडेसात वाजून गेले तरी ती उठलेली नाही.

आत्या म्हणजे आमच्या आण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. काल तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मखमलाबादच्या मळ्यातून तिला इथे फ्लॅटवर आणलं आहे. सूर्य उगवल्यावर अंथरुणात असलेली आत्या मी आयुष्यात पाहिलेली नाही. पाचला उठणार, बंब पेटवणार, अंगण झाडणार. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे, त्यामुळे झाडू मी लपवूनच ठेवला होता. पण झाडू शोधायलाही ती बाहेर आली नाही.

ती मुलाच्या खोलीत आहे. खोली रिकामी करताना चिरंजीवांनी बराच तोरा दाखवला. इयत्ता तिसरी, पण रुबाब कलेक्टरचा. "मग माझा अभ्यास कसा होणार?" असं त्यानं विचारलं आणि माझ्या हातातली उशी हातातच राहिली. हे वाक्य त्याला मी शिकवलेलं नव्हतं. पण ते माझंच होतं, शब्द न शब्द.

त्या वाक्याकडे जायच्या आधी मला त्या हिवाळ्यात जायचं आहे. दर वर्षी असा गारठा पडला की मी तिथे जातेच, आणि लवकर परत यावंसं वाटत नाही.

मी नववीत होते. आण्णांनी दिवाळी झाल्यावर जुनं मातीचं घर पाडलं. थोरल्या दादाचं लग्न करायचं होतं आणि सोयरिकीला येणारे लोक आधी घराच्या भिंतींकडे बघतात, मग मुलाकडे. "दीड महिन्यात स्लॅब," असं गवंडी म्हणाला होता. गवंड्याचा दीड महिना म्हणजे काय, हे ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना सांगायला नको. मधे तो दुसऱ्याच्या कामावर गेला, मग त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, आणि आम्ही पाच माणसं डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर आलो. पत्र्याचं एक शेड होतं, पण त्यात सिमेंटची पोती होती. सिमेंटला दव लागलं की ते दगड होतं. माणसं दगड होत नाहीत, म्हणून पोती आत आणि आम्ही बाहेर.

पहिल्या दोन रात्री आम्ही थंडीनं अक्षरशः रडकुंडीला आलो. घरात होती नव्हती ती सगळी पांघरुणं वर घेतली, पण थंडी वरून येतच नव्हती. ती खालून, जमिनीतून पाठीत शिरत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्यानं आण्णांच्या हातातलं फावडं घेतलं.

आत्याला नामपूरकडे दिली होती. तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती परत आली ती कायमची. त्या तीन वर्षांतून तिनं दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, बोलण्यात 'आहे'ऐवजी मधूनच येणारं तिकडचं 'शे', ज्यावरून आम्ही तिला फार चिडवायचो. दुसरी, जमीन तापवायची विद्या. तिचा सासरा खळ्यावर कांदा राखायला झोपायचा, त्याच्याकडून ती शिकली होती.

आंब्याखाली कोरडी जागा बघायची, कारण झाडाखाली दव पडत नाही. पाच माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढी लांबरुंद. तिथे दिवेलागणीला जाळ करायचा. शेजारच्या बागेतल्या द्राक्षांच्या छाटणीच्या काड्या आम्हाला फुकट मिळायच्या, त्या भराभर पेटायच्या. खाली बाभळीची दोन-तीन खोडं ठेवायची, ती सावकाश जळायची. तो जाळ एका जागी ठेवायचा नाही, पूर्ण जागेवर पसरत न्यायचा. त्याच जाळाच्या उजेडात आम्ही दुसऱ्या दिवशीच्या मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचो, तिथेच भाकरी व्हायच्या, तिथेच जेवणं. जेवणं झाली की सगळा विस्तव फावड्यानं ओढून घमेल्यात काढायचा, खराट्यानं जागा स्वच्छ झाडायची, वर बोटभर कोरडी माती, मातीवर गोणपाटं, गोणपाटांवर गोधड्या. आणि गोणपाटं टाकायच्या आधी आत्या अनवाणी त्या मातीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. "तळपायाला सोसलं तर पाठीला सोसतं," हा तिचा नियम. लवकर झोपलात तर गोधडी करपते, उशीर केला तर ऊब उडून जाते. मधला वेळ फक्त तिच्या तळपायांना कळायचा.

मग आम्ही आडवे व्हायचो. वाऱ्याच्या बाजूला आण्णा, मग दादा, मग आई, मग मी, आणि माझ्या पलीकडे दुसऱ्या टोकाला आत्या. गोधड्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या, म्हणजे कुणीही कूस बदलली तरी फट पडायची नाही. खालून ऊब यायची ती आधी कमरेला, मग खांद्यांना. नाक तेवढं गार. डोक्यावरून पांघरूण घेतलं की आत धुराचा, मेथीचा आणि आईच्या जुन्या लुगड्यांचा वास. त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी झोपले, चांगल्या गाद्यांवर झोपले, पण तशी झोप मला परत लागलेली नाही. हे मी कुणाला सांगत नाही. चांगल्या गाद्यांचे हप्ते भरणाऱ्या नवऱ्याला तर नाहीच.

आण्णांचा या विद्येवर एकदम विश्वास बसला असं नाही. माणूस कष्टाळू, पण बायकांकडून शिकायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. स्लॅब टाकून झाल्यावर एके दिवशी वारा सुटला होता, थंडी नुसती मी म्हणत होती. आण्णांनी फर्मान काढलं की आज नव्या भिंतीच्या आडोशाला झोपायचं.

"निवृत्ती, तिथली जमीन वल्ली हाय," आत्या म्हणाली. "दिवसभर पाणी मारतोय आपण स्लॅबला. समदं तिथंच झिरपलंय."

"वरून कोरडी दिसती की."

"वरून दिसती."

"आक्का, मी काय आज झोपतोय का जमिनीवर? जाळ डबल करू. वल्ली असली तर वाळंल."

आत्यानं फावडं त्यांच्याकडे दिलं. आण्णांनी स्वतः जाळ केला, तोही असा की गवंडी दुसऱ्या दिवशी भिंत काळी झाली म्हणून कुरकुरला. आणि खरं सांगायचं तर झोपलो तेव्हा स्वर्गसुख होतं. आंब्याखालच्यापेक्षा दुप्पट ऊब. आण्णा अंधारात दोनदा म्हणाले, "कसं वाटतंय?" कुणी उत्तर दिलं नाही तेव्हा स्वतःच म्हणाले, "झ्याक."

पहाटे तीनच्या सुमाराला आई उठून बसली. गोधडी चाचपली आणि हळू आवाजात आण्णांना म्हणाली, "अहो, वैशीनं काय केलं बघा." माझं वय चौदा. माझ्यावर हा आळ आला. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात दादा ओरडला की माझी पण पाठ ओली आहे. मग आण्णा स्वतःचा पायजमा चाचपत उभे राहिले. गोधड्या, गोणपाटं, आम्ही, सगळं खालून चिंब झालं होतं, आणि त्या ओल्या अंगांवर वारा. दात असे वाजत होते की कुणाला धड बोलता येईना. आणि त्यातही आईला हसू फुटलं. एकदा ती हसायला लागली की थांबत नसे.

आत्यानं घमेल्यातली राख उकरली, खालचा विस्तव फुंकला, काड्या टाकल्या. एकटं तिचं घोंगडं तेवढं उबदार राहिलं होतं, लोकर भिजली तरी धीर सोडत नाही. ते तिनं आमच्या पाचांच्या पाठींवरून ओढून घेतलं आणि आम्ही बाजाराची वेळ होईपर्यंत जाळाला चिकटून बसलो. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य ती म्हणाली नाही. मी असते तर तीनदा म्हटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "वल्ली जमीन तापवली का ती ऊब धरत नाय. घाम सोडती." उजाडल्यावर तारेवर पाच माणसांच्या गोधड्या वाळत घातलेल्या बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, एवढं काय झालं? आईला परत हसू फुटलं.

त्या दिवशी संध्याकाळी आण्णा फावडं हातात घेऊन आले, आंब्याखाली उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आक्का, आज कुठं?"

त्यानंतर रोज संध्याकाळी ते विचारायचे. वारा कुठला आहे, दव कितपत आहे, काल तापवलेली जागा आज परत घ्यायची की हलवायची. आणि आत्या पदर खोचून, हवेचा अंदाज घेत फिरायची आणि एका जागी टाच टेकवून म्हणायची, "हितं." तिनं टाच टेकवली की आमचं घर तिथं. विधवा होऊन माहेरी राहिलेल्या बाईला घरात कुणी काही विचारतं का? जेवताना 'वाढू का' एवढंच. त्या दोन महिन्यांत मात्र तिला रोज विचारलं जात होतं. चालताना तिची मान वर असायची. हे मला तेव्हा कळलं होतं असं म्हणणार नाही. मला तेव्हा फक्त एवढं कळायचं की पहाटे चारला आण्णा आणि दादा भाजीच्या जुड्या घेऊन बाजाराला गेले की आईला ओलांडून त्यांच्या रिकाम्या जागेत लोळत जायचं, तिथे ऊब शिल्लक असते. आणि आत्या माझं पांघरूण नीट करत फांद्यांपलीकडच्या आकाशात दाखवायची ती म्हातारीची बाज. चार चांदण्या म्हणजे बाजेचे खूर आणि मागे तीन चोर. चोर बाज पळवायला टपलेले असतात, पण म्हातारी झोपतच नाही, म्हणून त्यांना ती मिळत नाही.

"ती का झोपत नाही?" मी विचारायचे.

"एकटी शे ना," आत्या म्हणायची.

आठ वाजले. मी उठून आतल्या खोलीचं दार हलकेच ढकललं. आतून कडी लावलेली आहे. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अधू, नवीन जागा, आणि हिनं कडी कशाला लावली? हाक मारावी तर झोपमोड, न मारावी तर जिवाला घोर. दाराला कान लावला. आतून बारीक घरघर ऐकू आली. घोरते आहे. मी परत खुर्चीवर येऊन बसले, पण पेपर काही उघडला नाही.

घोरण्यापाशीच मला यायचं होतं, आणि मी किती लांबून आले.

फेब्रुवारीत घर झालं. पुढे ओटा, मग हॉल, स्वयंपाकघर, एक खोली आई-आण्णांची, एक होणाऱ्या सुनेसाठी दादाची, आणि मधे एक छोटी. पहिल्या संध्याकाळी सामान लावत असताना आण्णा म्हणाले, "मधल्या खोलीत वैशी आणि आक्का." मी पुढच्या वर्षी दहावीला जाणार होते. मैत्रिणीकडे बघितलेलं टेबल, भिंतीवरचं वेळापत्रक, रात्री लागेल तितका वेळ जळणारी ट्यूब, हे सगळं मी त्या खोलीत मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं. मी म्हटलं, "मग माझा अभ्यास कसा होणार? आत्या घोरते."

आत्या तिथेच फरशी पुसत होती. तिनं फडकं पिळलं आणि हसून म्हणाली, "मला कुठं आत झोप येती? दोन महिने हवेची सवय झालीय. मी आपली वट्यावर."

आण्णा दोरी सोडत होते ते सोडत राहिले. आईनं एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डबे मांडायला वळली. मला अगदी हायसं वाटलं. हे आठवताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

पुढे ती आमच्या घराची एक गंमतच झाली. पाहुणे आले की आम्ही सांगायचो, आमच्या आत्याला बाहेरच आवडतं, तिला आत गुदमरतं, थंडीचं तिला काही नाही, जमीन तापवून झोपणारी बाई ती. नवीन आलेली वहिनीही चार दिवसांत तेच सांगायला लागली. आपण जे सोयीचं ते किती चटकन खरं मानतो. ओट्याला शहाबादी फरशी होती, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. फरशीवर जाळ करता येत नाही. फरशी तापवून तिच्यावर माती टाकून झोपता येत नाही. तिची सगळी विद्या ज्या जमिनीवर चालायची ती जमीन आम्ही झाकून टाकली होती. घराच्या उरलेल्या विटांमधली एक वीट ती संध्याकाळी बंबाला टेकवून ठेवायची आणि झोपताना फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायची. एवढंच.

दहावीच्या वर्षी ट्यूबखाली बसून मी अभ्यास करायचे तेव्हा दाराबाहेर तिचा खोकला ऐकू यायचा. एकदा जानेवारीत मी उठले होते. दाराच्या कडीवर हात ठेवला. लोखंड इतकं गार होतं की हात मागे आला. मी स्वतःला म्हटलं, तिला आवडतं बाहेर. आणि परत येऊन रजईत शिरले. मला चांगले मार्क पडले. आत्यानं पेढे वाटले, मळ्याच्या शेवटच्या घरापर्यंत.

माझं लग्न झालं तेव्हा ती खोली रिकामी झाली. मला वाटलं होतं आता आत्या आत जाईल. त्या खोलीत खताच्या गोण्या आणि फवारणीचा पंप गेला. चोरी होते ना बाहेर ठेवलं तर.

मला त्या हिवाळ्याची ओढ लागते तेव्हा नेमकी कशाची लागते, हे मी बरेचदा स्वतःला विचारलं आहे. थंडीची तर नक्की नाही, मी थंडीला घाबरते. त्या तापवलेल्या मातीची? थोडी. पण जास्त त्या ओळीची. एका गोधडीचं टोक दुसरीच्या खाली, आणि ओळीत कुणाला जागा आहे, कुणाला नाही, हा प्रश्नच नाही. भिंती नव्हत्या तोवर आम्ही पाच होतो. भिंती झाल्या आणि मोजणी चुकली. चुकवणारी मी होते.

साडेआठला कडी निघाली. पट्टीवर काळा गॉगल, केस विस्कटलेले, अंगावर माझी शाल. आत्या दारात उभी राहिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे मान तिरकी करून बघायला लागली.

"किती वाजलं?"

"साडेआठ."

"अरे देवा. उठवायचं नाय का?" ती येऊन माझ्या समोर बसली. "मेल्यासारखी झोप लागली. आत बरं शे."

"कडी का लावलीस पण? माझा जीव वर-खाली."

"लावून बघितली," ती म्हणाली. "वट्याला कुठं कडी असती?"

मी चहा गाळला. कप तिच्या हातात नीट धरवला. बराच वेळ ती फुंकर मारत होती आणि मी तिच्या पायांकडे बघत होते. भेगाळलेले तळपाय, कधी काळी मातीची ऊब ज्यांना कळायची ते. मी उठून माझे मोजे काढले आणि तिच्या पायात घालायला लागले. तिनं घालू दिले. वाकून बसल्यामुळे मला तिच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं, म्हणून विचारता आलं.

"आत्या, तुला बाहेर झोपायला आवडायचं ना गं?"

"आवडायचं की," ती म्हणाली. "तुम्ही समदे होते तवर."

मी दुसरा मोजा घालत राहिले. तो टाचेत अडकला होता, तो सरळ केला. मग मी तशीच खाली बसून, आण्णा विचारायचे तसं विचारलं.

"आत्या, आज कुठं?"

तिला बरोबर कळलं. गॉगलखाली ती हसली, तिनं कप खाली ठेवला आणि मोजा घातलेली टाच फरशीवर टेकवून आतल्या खोलीकडे हात केला.

"तितं," ती म्हणाली. "तू पण ये. पलंग लय मोठा हाय." आणि कप परत उचलत, "घोरते मी, तेवढं चालवून घे."